देदिको कोण म्हणालं

तबिलिसी, बुधवार, ३ मे

प्रिय देदा,

ईस्टरच्या पत्रात मी तुला जे लिहिलं त्यात एक चूक आहे. रिकोतीच्या घाटात, धुक्यात, "देदिको, नको" असं म्हणणारा आवाज त्या मुलीचा आहे असं मी लिहिलं होतं. तो तिचा नसावा. आज 'नसावा' लिहिते आहे. पुढच्या पत्रात कदाचित 'नाही' लिहीन.

तू शुद्धलेखन घालायचीस तेव्हा चूक खोडू द्यायची नाहीस. बरोबर शब्द वर लिहायचा, चुकलेला खाली दिसत राहू द्यायचा, म्हणजे आपण कुठे घसरलो ते कळतं. म्हणून ईस्टरचं पत्र फाडू नकोस. हे त्याच्या वर ठेव.

तू माझी पत्रं तिथं इटलीत, बारीला, सांभाळायला घेतलेल्या म्हाताऱ्या सिन्योराला झोपवता झोपवता वाचतेस आणि अर्धी विसरतेस, म्हणून पुन्हा सांगते. फेब्रुवारीतली दुपार. गस्तीवरची एक पोलीस, खातिया, वय पंचवीस. तिच्या छातीवर कॅमेरा. घाटात एक गाडी कडेला उभी आहे, एकोणीस वर्षांची मुलगी खाली उतरलेली आहे. दोघी बोलतात, मग झटापट झाल्यासारखं चित्र हेलकावतं, कॅमेरा निखळून पडतो आणि पुढे पडद्यावर नुसतं पांढरं धुकं. त्या धुक्यातून एक बारीक बायकी आवाज येतो, "देदिको, नको." मग काहीतरी आपटतं, आणि मुलगी रडते. तिच्या दंडावर निळा वळ उठला होता. तिच्या काकांनी तक्रार केली.

आमच्या प्रकल्पात कायद्याचे नुग्झार सर आहेत, ते प्रमुख. भाषाशास्त्राच्या थिनाबाई आहेत, समाजशास्त्राचा मॉर्टेन डेन्मार्कहून आलेला आहे. जुने पोलीस काढून नवे घेतले त्या सुधारणेनंतर पोलीस लोकांशी कसे बोलतात, हे आम्ही सगळे आपापल्या बाजूनं बघतो. माझं काम सगळ्यात खालचं, म्हणून सगळं त्याच्यावर उभं. मी ऐकते आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहिते: कोण बोललं, कुणाला, किती आदरानं. या वाक्यापुढे मी लिहिलं: मुलगी. म्हणजे ती आईचा धावा करते आहे आणि पोलिसाला नको म्हणते आहे. नुग्झार सरांनी ते वाक्य दुसऱ्या प्रकरणाच्या डोक्यावर घातलं. मंत्रालयाच्या सभागृहात वाचून दाखवलं तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. एप्रिलपासून खातिया निलंबित होऊन घरी बसली आहे.

आणि मी तुला लिहिलं की देदा, तुझंच खरं होतं, टोप्या बदलल्या, हात तेच राहिले.

त्यावर तुझं उत्तर आलं. वर्ष उलटून गेल्यावर. वर्तमानपत्रातल्या मुलाखतीत मी बाबांच्या वाहतूक पोलिसातल्या दिवसांचं बोलले, आपल्या घराचा व्हरांडा कशातून झाला ते बोलले, त्यानंतर तू फोन उचलणं बंद केलं होतंस. गोचा त्याच्या पार्सलांच्या मिनीबसमधून तुझं खोकं घेऊन आला. कॉफी, साबण, आणि झाकणावर तुझ्या तिरप्या अक्षरात, 'माझ्या देदिकोला'. मी झाकणाचा तेवढा तुकडा कापून टेबलासमोर लावला आहे.

मॉर्टेननं तो बघितला. "देदा म्हणजे आई ना?" त्यानं विचारलं. "आणि हे तुझ्या आईनं लिहिलंय. मग ती तुला आई का म्हणते?"

"आमच्यात आई लेकराला आईच म्हणते, लाडानं देदिको. आजी नातवाला आजी म्हणते."

"मग कोण कुणाला हाक मारतंय हे तुम्हाला कळतं कसं?"

थिनाबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "कळतं. आवाजाला वय असतं."

मी हसले. मग दिवसभर मला बरं वाटेना.

शनिवारी सुरामीला बाबांकडे गेले होते. रस्त्याकडेच्या गोड भाकरीच्या, नाझुकीच्या टपऱ्या आहेत तशाच आहेत, धूर, मनुकांचा वास, हात हलवणाऱ्या बायका. एका टपरीत मी वाकून तंदुरात बघत होते. भाकऱ्या भिंतीला चिकटून फुगत होत्या, ते बघताना मला नेहमी गुंगी येते, तुला माहीत आहे. माझा हात कडेला टेकणार एवढ्यात मागून आवाज आला, "देदिको, नको." आणि माझं मनगट मागे ओढलं गेलं. मी वळून आधी कुणाचं मूल हरवलंय ते बघितलं. तिथं मूल नव्हतं. माझ्याच वयाची एक बाई होती, हाताला पीठ, घाबरलेली.

"भाजलं असतं की," ती म्हणाली. "झोपेत चालतेस का गं?"

तिनं धरलेली जागा दोन दिवस लाल होती.

तो तुकडा मी अजून पुन्हा ऐकलेला नाही. उद्या ऐकेन म्हणते. गोचाची गाडी उद्या सुटते, त्याच्या आधी हे पत्र आलुबुखाऱ्याच्या आंबट चटणीच्या, त्केमालीच्या बाटलीला गुंडाळते.

तुझी
इया

तबिलिसी, बुधवार, १७ मे

प्रिय देदा,

गोचानं तुझा निरोप दिला. तो शब्दशः लिहिते, म्हणजे त्यानं काही वाढवलं असेल तर तुला कळेल.

"तुझी आई म्हणाली, पोरीला सांग, पहिल्यांदा ऐकलेलं खरं असतं. दुसऱ्यांदा माणूस आपलंच डोकं ऐकतं. आणि त्केमालीत मीठ कमी होतं."

"रागावली आहे का?"

"बाई, मी पार्सलं नेतो. राग घेतला तर तुर्कस्तानच्या नाक्यावर वजन भरेल."

मी दुसऱ्यांदा ऐकलं. मग तिसऱ्यांदा, मग मोजणं सोडलं. खिडकीबाहेर चिनारांचा कापूस उडत होता, खोलीतही येत होता, पडद्यावर तेच धुकं, आणि मला कळेना की मी कुठल्या ऋतूत बसले आहे. असं वाटायला लागलं की धुकं कानालाही लागतं.

शब्दाच्या आधी एक श्वास आहे, देदा. तो मी पहिल्यांदा ऐकलाच नव्हता, किंवा ऐकून वारा समजले होते. पळत आलेल्या माणसाचा श्वास. मुलगी तर पळत नव्हती. टायर पंक्चर झालं होतं आणि रस्त्यावर धोक्याचा त्रिकोण ठेवायला ती वळणाकडे मागे जात होती, हे तिनंच जबानीत सांगितलं आहे. तिला एवढंच माहीत आहे की मागून कुणीतरी दंडाला धरून आपटलं. समोरून येणारं तिला धुक्यात काही दिसलं नाही. आवाजात मात्र एक ट्रक आहे. सगळ्याच ध्वनिमुद्रणात ट्रक असतात, तो हमरस्ता आहे, म्हणून आम्ही कुणी त्याला मोजलं नाही. हा ट्रक जवळून जातो. शब्द, आपटणं, ट्रक. मग रडणं.

श्वास, शब्द आणि पोलिसी पट्ट्याच्या बकलाचा खणखणाट, तिन्ही एकाच ठिकाणाहून येतात. ज्यानं धाव घेतली त्याचा तो शब्द आहे.

म्हणजे आता 'नाही' लिहिते. तो आवाज मुलीचा नाही.

मला असं कसं ऐकू आलं, याचा मी खूप विचार केला. पंचवीस वर्षांची बाई एकोणीस वर्षांच्या मुलीला देदिको म्हणणार नाही, असं मी तेव्हा समासात लिहून ठेवलं होतं. कारण नीट दिसतं, पण ते मागाहून शोधलेलं आहे. खरं असं की मार्चमध्ये मी ते ऐकत होते तेव्हा मला कुणी देदिको म्हणून वर्ष झालं होतं. तो शब्द माझ्यापाशी एकाच दिशेनं जाणारा उरला होता, माझ्याकडून तुझ्याकडे. दुसऱ्या बाजूनं तो येऊ शकतो, हे माझा कान विसरला होता. आणि ती मुलगी आहे असं म्हटलं तर तुझंच खरं ठरून तुला बरं वाटेल, हेही आत कुठेतरी असेलच.

रात्री स्वप्न पडलं. बारीचा समुद्र, मी कधी न बघितलेला, त्यामुळे तो रिकोतीच्या धुक्यासारखाच होता. तू धक्क्यावर उभी, मी दुसऱ्या टोकाला, आणि दोघींच्या मधे तो एकच शब्द पाण्यावर तरंगत होता. कोण म्हणालं ते स्वप्नातही कळलं नाही. जागी झाले तेव्हा एक गोष्ट उगाच सुचली. मी तुला देदा म्हणायला शिकले, ते तू मला तशी हाक मारायचीस म्हणूनच ना. म्हणजे तुझं नाव मी आधी माझं नाव म्हणून ऐकलं.

नुग्झार सरांना आज सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी लिहिते.

"इया, तू दमलीयस," ते म्हणाले. "सुट्टी घे."

"सर, खातियाची चौकशी समिती आपलं टिपण पुराव्याला धरणार आहे. त्यात बोलणारीचं नाव चुकलं आहे."

"एका वाक्यानं आकडे हलत नाहीत," मॉर्टेन म्हणाला. तो जॉर्जियन हळू बोलतो, त्यामुळे जरा जास्तच शहाणा वाटतो. "दुरुस्ती दुसऱ्या आवृत्तीत टाकू. खाली, बारीक अक्षरात."

"आकडा हलत नाही," थिनाबाई म्हणाल्या. "नोकरी हलते."

सरांनी कपातला गाळ फिरवला. मग म्हणाले, "तो बातुमीचा टॅक्सीवाला आठवतो? ज्याला पोलिसांनी पावसात गुडघ्यावर बसवलं? ते खरं आहे ना?"

"खरं आहे."

"ते खरं आहे हे सांगायला त्याच्याकडे आपल्याशिवाय कुणी नाही. तू उठून म्हणालीस की आमच्या टिपणात चूक आहे, तर पहिल्यांदा कुणाचं ओझं उतरेल? त्याला गुडघ्यावर बसवणाऱ्याचं. ते म्हणतील, बघा, यांना तर बायकांचे आवाजही ओळखू येत नाहीत. पोरी, तू एका पोलिसाला वाचवशील आणि वीस लोकांना खोटं पाडशील."

टॅक्सीवाल्याचं मुद्रणही मीच ऐकलं आहे. पावसाच्या आवाजात तो माफी मागतो, कशाची ते त्यालाही माहीत नाही. तो माणूस माझ्या झोपेत खातियाच्या शेजारी येऊन बसतो. ती नुसती आकृती असते. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. कॅमेरा तिच्याच छातीवर, त्यामुळे ती सोडून सगळं दिसतं.

मीठ या वेळी जास्त घातलं आहे.

इया

सुरामी, बुधवार, ३१ मे

प्रिय देदा,

गेल्या गुरुवारी गोचा रिकाम्या हातानं आला. "या खेपेला काही नाही," एवढंच म्हणाला, आणि मला एक संत्रं दिलं. ते त्याच्या स्वतःच्या डब्यातलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

चौकशीची तारीख लागली. मी बाबांकडे आले आहे. कच्चे आलुबुखारे निवडतो आहोत. बाबांनी व्हरांड्यात नवे झुले टांगले आहेत, विकायचे आणि झोपायचे तेच. ते झुल्यात पडून दोरी विणतात आणि रस्त्यावर कुणी वळणावर पुढे घुसलं की त्यांचा उजवा हात आपोआप वर जातो. एवढी वर्षं झाली. गाडीवाल्यांना वाटतं म्हातारा निरोप देतोय, तेही हात हलवतात.

मुद्रण त्यांना ऐकवायचा मला अधिकार नाही, म्हणून नावगाव न सांगता विचारलं.

"बाबा, पंचवीस वर्षांची पोलीस एकोणीस वर्षांच्या पोरीला देदिको म्हणेल?"

"घाबरली तर म्हाताऱ्यालाही म्हणेल. मी एकदा एका टँकरवाल्याला बाळा म्हणालो होतो. माझ्या दुप्पट वयाचा होता, मिशा इथपर्यंत."

"का म्हणालात?"

"त्याचा ब्रेक गेला होता."

त्यांनी दोरीची गाठ दातानं ओढली. मला वाटलं विषय संपला. मग तेच म्हणाले, "काढणार का तिला?"

मी कोणाचं म्हणतेय ते त्यांना कळलं होतं. पोलिसांच्या बातम्या त्यांच्याकडे अजून माझ्या आधी पोचतात.

"कदाचित."

"हं."

"बाबा, तुम्हाला काढलं तेव्हा..."

"आम्हाला सगळ्यांना एका दिवसात काढलं. मला टीव्हीवर कळलं, तोंडात घास होता. मी पैसे घ्यायचो, तेव्हा काढलं ते बरोबरच. तू पेपरात सांगितलंस तेही बरोबर. तुझ्या आईला नाही पटलं, मला पटलं, फक्त तिला सांगायची माझी हिंमत नाही. पण एक आहे. कुणी विचारलं नाही, जुम्बेर, तू काय केलंस?"

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?"

"तेच. घेतले म्हणून." ट्रक गेला, हात वर गेला, खाली आला. "पण मी सांगितलं असतं."

एवढं बोलून ते झुल्यात डोळे मिटून पडले. झुला बराच वेळ हलत होता. मला वाटलं, तू बारीला गेलीस ती सुधारणेमुळे गेलीस, असं तू म्हणतेस, आणि बाबांमुळे गेलीस, असं मी म्हणायचे. त्यांना मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं, आपण दोघींनीसुद्धा.

खातियाला विचारलं आहे. ती म्हणाली, मी तिला ट्रकखालून ओढलं. समितीनं लिहिलं की हे टिपणाशी जुळत नाही. माझ्या टिपणाशी. तिचं ऐकलं, पण मी आधीच तिचं वाक्य उचलून दुसरीच्या तोंडात घातलं होतं.

आलुबुखारे उकळायला ठेवले आहेत. वाफेनं खिडक्या पांढऱ्या झाल्या आहेत, बाहेर कुणीतरी नाझुकीसाठी हाका मारतं आहे, आणि मला क्षणभर वाटतं की तू आतल्या खोलीत आहेस आणि आता विचारशील, "लिहून झालं का? वाचून दाखव. आधी कोण बोलतंय ते सांग, मग काय बोलतंय ते."

इया

तबिलिसी, बुधवार, ७ जून

प्रिय देदा,

खोकं आलं. कॉफी आहे, साबण आहे. झाकणावर 'इया, तबिलिसी' लिहिलं आहे. अक्षर तेच, तिरपं.

मी गोचाला विचारलं, "काही म्हणाली?"

"नाही. पण लिहायला वेळ लावला. मी गाडी चालू ठेवून उभा होतो. पेन धरून नुसती बघत होती झाकणाकडे. मी म्हटलं, त्सियालाबाई, डिझेल जळतंय."

मी ते झाकण जुन्या तुकड्याच्या वर लावलं आहे. जुना खाली दिसतो आहे, तुझ्याच नियमानं.

मला भीती वाटते ती लिहून टाकते. प्रकल्पातलं माझं काम या महिन्याअखेर संपतं, आणि ते पुढे वाढवायचं की नाही हे नुग्झार सर ठरवतात. टॅक्सीवाल्याला खोटं पाडलं तर मी स्वतःला काय सांगणार ते मला माहीत नाही. आणि तू. तू माझ्याकडे परत आलीस ती एका चुकीच्या ओळीवरून आलीस. ती ओळ मी दुरुस्त केली तर तू कुठे उभी राहशील ते मला या बाजूनं दिसत नाही. तिथं धुकंच आहे.

तरी काल सरांकडे पुन्हा गेले.

"सर, टॅक्सीवाल्याचं मीच ऐकलं आहे आणि हेही मीच ऐकलं आहे. हे चुकलं म्हणून मी आपण होऊन सांगितलं, तरच ते बरोबर आहे या माझ्या म्हणण्याला काही किंमत राहील. झाकलं आणि दुसऱ्या कुणी उकरलं, तर त्याच्यामागे उभं राहायला आपण उरणार नाही."

"आणि नाही मानलं लोकांनी?"

"तर मी पुन्हा सांगेन. टॅक्सीवाल्यासाठीही सांगेन."

सर म्हणाले, "प्रकल्पाच्या वतीनं मी तुला समितीपुढे पाठवत नाही."

"मी माझ्या वतीनं जाते."

"तुला हे हट्टीपण कुणी शिकवलं?"

"आईनं. शुद्धलेखनातून."

ते हसले नाहीत, पण दार उघडून धरलं. थिनाबाई जिन्यात भेटल्या. त्या माझ्याबरोबर येणार आहेत. आवाजाला वय असतं असं आपण उगाच म्हणालो, घाबरलेल्या आवाजाला नसतं, हे त्यांना तिथं सांगायचं आहे. मॉर्टेननं विचारलं, "मी आलो तर चालेल? मला फार कळणार नाही, पण कोण बोललं ते मी लिहून घेईन."

देदा, उद्या गोचा हे पत्र घेऊन निघेल. तुझ्या हातात पडेल तेव्हा माझं बोलून झालेलं असेल किंवा व्हायचं असेल, रस्ता कसा असेल त्यावर. फोन करू नकोस असं म्हणत नाही. कर असंही म्हणत नाही. पुढच्या झाकणावर काय लिहायचं ते तूच ठरव, आणि वेळ लागला तर लागू दे, गोचाच्या डिझेलचं मी बघते.

चौकशीत मी सांगेन की कॅमेरा पडल्यावर धुक्यात देदिको कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, आणि ते मला उलटं का ऐकू आलं. खातिया समोर बसलेली असेल. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच बघेन.

मंगळवार, १३ जून, सकाळी अकरा वाजता.

तुझी
इया